शरीरावरील जुना बोजा

कोरोनाची साथ आपल्या देशांत शिरली त्यास आतां बरींच वर्षें झालीं. ३० जानेवारी २०२० रोजीं केरळांत पहिला रोगी सांपडला, ९ मार्च २०२० रोजीं पुण्यास आपल्या राज्यांतील पहिले रोगी आढळले, आणि पुढें या साथीनें काय केलें तें सांगण्याची गरज नाहीं. सरकारी दप्तरीं एकट्या महाराष्ट्रांत १ लाख ४८ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद आहे. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें जागतिक आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें. रोग्यांनीं भरलेल्या शाळा पुन्हां मुलांनीं भरल्या. पण माणसाचा स्वभाव असा कीं, संकट टळलें म्हणजे त्याचा धडाहि तो विसरतो. पूर ओसरल्यावर भिंतीवरील पाण्याची खूण पुसून त्याच जागीं पुन्हां कडबा रचणारे लोक आपण पाहिलेले आहेत. या साथीच्या बाबतींत तसें होऊं नये, एवढ्याचसाठीं आम्ही हा विषय येथें काढीत आहों.

शेतीच्या मासिकांत खत, बी-बियाणें, पाणी व बाजारभाव यांची चर्चा असावी, रोगराईची कशाला, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर असें कीं, विहीर, बैल, ट्रॅक्टर हीं सर्व शेतीचीं साधनें खरीं, परंतु तीं चालविणारा धनी हेंच पहिलें साधन होय. तो अवेळीं गेला म्हणजे काय होतें हें आम्ही जवळून पाहिलें आहे. २०२१ सालीं आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत होतों. त्या उन्हाळ्यानंतर वारस-नोंदीचे अर्ज आमच्या टेबलावर ज्या वेगानें येऊं लागले, तसे सबंध नोकरींत आले नव्हते. मयताचें वय पंचेचाळीस, बावन्न, अठ्ठेचाळीस. वारस म्हणून पत्नी व अज्ञान मुलें. जमिनीवर सोसायटीचें पीककर्ज. कागदाला रडूं येत नाहीं, पण कागद वाचणाऱ्यास येतें.

अर्ज घेऊन येणारे आप्त बहुधा एकच वाक्य बोलत. "त्याला साखर होती हो, म्हणून गेला." कोणी म्हणे रक्तदाब होता, कोणी म्हणे छातीचा जुना विकार होता. हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें कीं, त्याचा विचार करणें भाग पडलें. आणि विचारांतीं आमच्या ध्यानांत आलें कीं, या वाक्यांत अर्धें सत्य आहे व अर्धी मोठी चूक आहे. सत्य हें कीं, शरीरांत आधींपासून असलेला आजार या साथींत खरोखरच घातक ठरला. चूक ही कीं, तें वाक्य आपण माणूस गेल्यावर बोलतों, आधीं बोलत नाहीं; आणि जणूं तें विधिलिखित होतें, त्याला उपाय नव्हता, अशा सुरांत बोलतों.

प्रथम सत्याचा भाग पाहूं. प्रत्येक साथ एकाच जातीच्या माणसास निवडते असें नाहीं. १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ आमच्या आजे-पणज्यांच्या पिढीनें पाहिली. त्या साथींत वीस ते चाळीस वयाचीं धडधाकट माणसेंच विशेष दगावलीं. कोरोनाची रीत निराळी निघाली. तिनें वय पाहिलें, आणि वयाच्या खालोखाल शरीरावरील जुना बोजा पाहिला. फेब्रुवारी २०२० मध्यें चीनच्या रोगनियंत्रण केंद्रानें ४४,६७२ निश्चित रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत एकंदर मृत्यूचें प्रमाण शेंकडा २.३ होतें. ज्यांना कोणताहि जुना आजार नव्हता त्यांच्यांत तें शेंकडा ०.९ होतें, परंतु हृदयविकार असलेल्यांत १०.५, मधुमेह असलेल्यांत ७.३, श्वसनाचा जुना विकार असलेल्यांत ६.३, उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ आणि कर्करोग असलेल्यांत ५.६ असें आढळलें.

यावर चौकस वाचक म्हणेल कीं, जुने आजार म्हाताऱ्यांनाच अधिक असतात, तेव्हां हे आंकडे आजाराचे कीं वयाचे? प्रश्न अगदीं रास्त आहे. जिरायत जमिनीच्या उत्पन्नाची तुलना बागायतीशीं करून कोणी बियाण्याला दोष देत नाहीं. तुलना करावयाची तर सारख्या प्रतीच्या जमिनींची करावी लागते. ती तुलनाहि पुढें झाली. इंग्लंडांत १ कोटि ७२ लाखांहून अधिक प्रौढ माणसांच्या दवाखान्यांतील नोंदी आणि त्यांपैकीं कोरोनानें झालेले १०,९२६ मृत्यु यांचा मेळ घालून २०२० सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत वय व इतर भेद वजा करून प्रत्येक आजाराचा वांटा काढला आहे. वयाचा भार सर्वांत मोठा हें त्यांतहि दिसलें. परंतु वय वजा जाऊनहि, मूत्रपिंडें फार निकामी झालेल्या माणसास मृत्यूचा धोका सुमारें अडीच पट आणि अति स्थूल माणसास दुपटीच्या जवळपास होता. मधुमेहाचा आंकडा तर प्रत्येक शेतकऱ्यानें पाठ करण्यासारखा आहे. मधुमेह नसलेल्या माणसाचा धोका १ धरिला, तर ज्याची साखर आटोक्यांत होती त्याचा धोका १.३१ होता, आणि ज्याची साखर सुटलेली होती त्याचा १.९५ होता. म्हणजे रोग तोच, पण त्याची निगा राखणारा व न राखणारा यांच्यांत एवढें अंतर पडलें.

आपल्या देशांतील पुरावाहि याच दिशेचा आहे. तामिळनाडु व आंध्र प्रदेश या दोन राज्यांतील नोंदींवरून २०२० सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत मृत झालेल्यांपैकीं शेंकडा ६३ जणांना निदान एक तरी जुना आजार होता, व शेंकडा ३६ जणांना दोन किंवा अधिक होते. शेंकडा ४५ जणांना मधुमेह आणि सुमारें ३६ जणांना उच्च रक्तदाब होता. उरलेल्या शेंकडा ३७ जणांच्या नांवापुढें आजार लिहिलेला नव्हता, ही गोष्टहि विसरतां कामा नये. निरोगी माणसें मेलींच नाहींत असें नाहीं; दुसऱ्या लाटेंत धडधाकट तरुणहि गेले. पण ज्या देशांत कित्येकांना आपणांस काय आजार आहे हेंच ठाऊक नसतें, तेथें 'नोंद नाहीं' याचा अर्थ 'बोजा नाहीं' असा सरसकट घेतां येत नाहीं. सात-बारावर चढण्याची राहिलेली कर्जें कांहीं माफ झालेलीं नसतात.

आतां हें असें कां घडतें तें थोडक्यांत सांगतों. कोरोनाचा विषाणु मुख्यतः फुफ्फुसांत घर करतो, आणि तेथें जो दाह उठतो त्यानें रक्तांत प्राणवायु मिसळण्याचें काम अडतें. प्राणवायु कमी पडला कीं, हृदयास अधिक जोरानें रक्त फिरवावें लागतें. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधींच अरुंद झाल्या आहेत, त्याला हा जास्तीचा भार सोसत नाहीं. जुन्या मोटारपंपावर दुप्पट उंचीचें पाणी चढविण्यासारखें तें आहे. साखर दीर्घकाळ चढलेली असली म्हणजे रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी रोगाशीं लढतात त्या मंदावतात, आणि बारीक रक्तवाहिन्यांचें आंतील अस्तर खराब होतें. विषाणूहि त्याच अस्तरावर घाला घालतो, व रक्ताच्या गुठळ्या होऊं लागतात. म्हणजे जुनी भेग व नवा घाव एकाच जागीं पडतात. शिवाय कोणताहि मोठा ताप आला कीं साखर आणखी चढते, हें निराळेंच. मूत्रपिंडें दुबळीं असलीं तर शरीरांतील मळ व पाणी यांचा निचरा होत नाहीं, आणि औषधेंहि जपून द्यावीं लागतात. पोट फार सुटलेलें असलें म्हणजे आडव्या निजलेल्या रोग्याच्या श्वासपटलावर त्याचा दाब पडतो, व फुफ्फुसाचा खालचा भाग पुरता फुलत नाहीं. क्षयाच्या जुन्या व्रणांनीं, विडीनें किंवा चुलीच्या धुरानें ज्याचें फुफ्फुस आधींच निम्में झालें आहे, त्याच्यापाशीं संकटकाळाकरितां शिल्लक अशी कांहीं उरलेलीच नसते.

रक्तदाबासंबंधीं एक खुलासा अवश्य केला पाहिजे. वय व इतर आजार वजा केले असतां नुसत्या रक्तदाबाचा स्वतंत्र वांटा इंग्लंडच्या अभ्यासांत फारसा उरला नाहीं. यावरून रक्तदाब निरुपद्रवी आहे असें कोणीं समजूं नये. बांधाला पडलेलें उंदराचें बीळ लहान असतें. पाणी त्यांतून वर्षानुवर्षें झिरपतें आणि मग बांध फुटतो. रक्तदाब हा हृदय व मूत्रपिंड यांना आंतून झिजवितो, आणि त्या दोहोंचा वांटा केवढा मोठा तें वर आलेंच आहे. २०२० सालीं अशी एक आवई उठली होती कीं, रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं कोरोना बळावतो. ती ऐकून कित्येकांनीं गोळ्या परस्पर बंद केल्या. वैद्यकीय संस्थांनीं त्याच वेळीं गोळ्या बंद करूं नयेत असें सांगितलें, व पुढील चांचण्यांत ती भीति निराधार ठरली. ऐकीव गोष्टीवर औषध सोडणें म्हणजे शेजाऱ्यानें सांगितलें म्हणून ऐन फुलोऱ्यांत पाणी तोडणें होय.

जुना बोजा काय करूं शकतो याचा सर्वांत भयंकर दाखला २०२१ च्या उन्हाळ्यांत काळ्या बुरशीच्या रूपानें आला. ही बुरशी कोठून परदेशांतून आलेली नव्हे. माती, कुजका पालापाचोळा, खताचा खड्डा यांत तिचें वास्तव्य नेहमींच असतें. आपण जन्मभर तिच्या संगतींत काम करतों आणि ती आपलें कांहीं बिघडवूं शकत नाहीं. पण कोरोनानें दुबळें झालेलें शरीर, रक्तांत उसळलेली साखर आणि वर स्टेरॉइडचा मारा, हीं तीन एकत्र आलीं, तेव्हां तीच बुरशी नाकांतून शिरून माणसांचे डोळे व जबडे घेऊन गेली. २०२१ सालीं जगभरांतील अशा १०१ रोग्यांचा आढावा प्रसिद्ध झाला; त्यांतील ८२ आपल्याच देशांतील होते, आणि एकंदरांपैकीं शेंकडा ८० जणांना आधींच मधुमेह होता. स्टेरॉइड हें औषध वाईट नव्हे. ज्यांना प्राणवायु लावावा लागला त्यांचे प्राण डेक्सामेथासोननें वांचविले, हें इंग्लंडांतील मोठ्या चांचणीनें जून २०२० मध्येंच दाखविलें. पण त्याच चांचणीनें असेंहि दाखविलें कीं, ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाहीं. तरीहि तापाच्या पहिल्याच दिवशीं, साखर न तपासतां, तें औषध घरोघर घेतलें गेलें. तणनाशक उत्तम असलें तरी मात्रा, वेळ व पीक पाहिल्याशिवाय आपण तें फवारीत नाहीं. मग औषधाच्या बाबतींत आपण इतके बेफिकीर कां झालों?

येथें एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या माहितीचे एक बागाईतदार होते, वय वर्षें बावन्न, डाळिंबाची बाग नमुनेदार. दर दुसऱ्या वर्षीं माती तपासून घेत व अहवाल पाहून खताचा डोस ठरवीत. शेवटच्या वर्षीं त्यांच्या पायाची जखम दोन महिने भरत नव्हती, तहान फार लागे, रात्रीं चारचार वेळां उठावें लागे. विचारलें तर म्हणत, उन्हाचा त्रास आहे. एप्रिल २०२१ मध्यें त्यांना ताप आला. रुग्णालयांत नेल्यावर प्रथमच साखर मोजली, ती चारशेंच्या वर निघाली. ते परत आले नाहींत. पुढें त्यांची पत्नी वारस-नोंदीचे कागद घेऊन कचेरींत आली. लागणारा कागद शोधण्याकरितां तिनें पिशवी टेबलावर रिकामी केली. तींत मातीपरीक्षणाचे चार अहवाल होते, पाण्याच्या तपासणीचा एक होता. धन्याच्या रक्ताचा एकहि नव्हता. वाचकहो, ती पिशवी आम्ही अद्याप विसरलों नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, त्या दिवसापर्यंत आमच्याहि घरच्या पिशवींत तसा कागद नव्हता.

शेतकऱ्याला असले आजार होत नाहींत, ते बैठ्या माणसाचे, शहरच्या पेढीवाल्याचे, ही समजूत अजून दृढ आहे. एके काळीं ती बरीचशी खरीहि असेल. परंतु आतां मोटेच्या जागीं पंप आला, नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला, पायवाटेच्या जागीं मोटारसायकल आली. भाकरी कमी झाली आणि दिवसाकांठीं गोड चहाचे सहा-सात कप वाढले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर १ लाख १३ हजार माणसांची जी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मधुमेहाचें प्रमाण शहरांत शेंकडा १६.४ आहे व खेड्यांत ८.९ आहे. हें वाचून खेडें सुरक्षित आहे असें वाटेल. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांचें प्रमाण त्याच पाहणींत शहरांत व खेड्यांत जवळजवळ सारखेंच, शेंकडा १५ च्या आसपास, निघालें. म्हणजे शहराचें पीक कापणीस आलें आहे, आपलें पोटरींत आहे, एवढाच फरक. रक्तदाब तर खेड्यांतहि सुमारें तिघां प्रौढांमागें एकास आढळला.

अज्ञानाची किंमत २०२१ च्या मार्च महिन्यांत आणखी एका रीतीनें दिसली. १ मार्चपासून साठ वर्षांवरील सर्वांना लस मिळूं लागली; पंचेचाळीस ते एकोणसाठ या वयांत मात्र ज्यांना ठराविक आजार आहेत त्यांनाच, डॉक्टरांचा दाखला दाखविल्यावर, ती मिळे. १ एप्रिलपासून ही अट उठली व पंचेचाळीसच्या पुढील सर्वांना लस खुली झाली. त्या एका महिन्यांत ज्याला आपला आजार ठाऊक होता त्याला दाखला मिळाला, दाखल्यावर लस मिळाली. ज्याला आजार असून ठाऊक नव्हता, त्याला सरकारनें दिलेला अग्रक्रमहि घेतां आला नाहीं. आणि नेमक्या त्याच सुमारास दुसरी लाट चढत होती. कर्जमाफीच्या यादींत नांव येण्यास खातें उघडलेलें असावें लागतें, तसाच हा प्रकार झाला.

आतां चुकीच्या भागाकडे वळूं. "साखर होती म्हणून गेला" या वाक्यानें आपण कोरोनाला निर्दोष सोडतों, आणि मेलेल्या माणसाच्या माथीं त्याच्याच मरणाचा दोष मारतों. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत. ज्याची साखर गोळीनें ताब्यांत होती तो कोरोना नसता तर आणखी वीस वर्षेंहि जगला असता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालींच डॉक्टरांना असें मार्गदर्शन केलें होतें कीं, कोरोनानें मृत्यु आल्यास मूळ कारण कोरोना हेंच लिहावें. मधुमेह, रक्तदाब इत्यादि आजार सहाय्यक कारण म्हणून वेगळे नोंदावे. हा केवळ रकान्यांचा खेळ नव्हे. ३० जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मयतांच्या वारसांना सानुग्रह साहाय्य देण्याविषयीं हुकूम केला, व पुढें ही रक्कम ५० हजार रुपये ठरली. ३ सप्टेंबर २०२१ च्या केंद्राच्या सूचनांत, चांचणीच्या तारखेपासून ३० दिवसांचे आंत झालेला मृत्यु सामान्यतः कोरोनाचाच धरावा, असें आलें. तरी कित्येक कुटुंबें कचेरीपर्यंत आलींच नाहींत, कारण घरच्यांनीं स्वतःच ठरविलें होतें कीं, आमचा माणूस साखरेनें गेला. बोलण्यांतील सैलपणा कागदावर उतरला म्हणजे विधवेच्या पदरांतून पैसे गळतात, हें आम्हीं पाहिलें आहे.

तेव्हां बोजा व जप्ती यांतील भेद नीट ध्यानांत धरावा. सात-बाराच्या इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असला म्हणजे जमीन गेली असें होत नाहीं. हप्ते वेळच्या वेळीं भरणारा शेतकरी बोज्यासकट तीच जमीन सुखानें कसतो. जप्ती येते ती बोजा विसरणाऱ्यावर. मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार हे शरीरावरील बोजे होत. ते बहुधा पुरते उतरत नाहींत, पण गोळी, आहार व तपासणी हे हप्ते नियमानें भरले तर माणूस वर्षानुवर्षें चालतो; आणि अकस्मात् साथ आली तरी तिच्यापुढें अगदींच निःशस्त्र ठरत नाहीं.

आमच्या मतें आपल्या सोसायट्यांनीं या कामांत पुढाकार घ्यावा. सोसायटी म्हणजे दवाखाना नव्हे, असा आक्षेप येईल. पण सभासदाच्या विहिरीची, बैलांची, पिकाच्या विम्याची चौकशी सोसायटी करतेच ना? मग सभासदाचीच कां करूं नये? वार्षिक सर्वसाधारण सभेच्या दिवशीं सर्व सभासद एकत्र येतात. त्या दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्यानें मंडपांत एक टेबल मांडावें. रक्तदाब, साखर, वजन व कंबरेचा घेर मोजावा. तीस वर्षांवरील माणसांची अशी तपासणी करणें हा सरकारी आरोग्य कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यास वेगळा खर्च नाहीं. ज्याचा त्यानें आपला कागद घरीं न्यावा. सोसायटीनें तो पाहूं नये किंवा नोंदूंहि नये. कर्जाच्या मंजुरीशीं त्याचा यत्किंचितहि संबंध असतां कामा नये, नाहींतर भीतीनें कोणी बांह्या वर करणार नाहीं.

आणि हें टेबल केवळ पुरुषांकरितां नसावें. सभासदांच्या यादींत बायकांचीं नांवें थोडीं असतात, म्हणून त्या घरींच राहतात. चुलीचा धूर त्यांच्या छातींत जातो, सर्वांचें वाढून झाल्यावर त्या जेवतात, आणि आपलें दुखणें सर्वांच्या मागून सांगतात. सप्टेंबर २०२० मध्यें राज्य सरकारनें 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली, तेव्हां घरोघर येऊन ताप व प्राणवायु मोजण्याबरोबर जुन्या आजारांचीहि विचारपूस होत होती. तेव्हां ज्या आशाताईंच्या पुढें आपण दार लावून घेतलें, त्यांना आतां आपण होऊन बोलवावें.

घरापुरतें सांगावयाचें तर गोष्टी थोड्याच आहेत. चालू असलेली गोळी बरें वाटतें म्हणून सोडूं नये. कंबर दुखली कीं वेदनाशामक गोळी, ही संवय मूत्रपिंडांच्या मुळावर येते. ती डॉक्टरांस विचारल्याविना घेऊं नये. विडी व मिस्री यांना रजा द्यावी. जुना आजार असलेल्यांनीं ताप-खोकल्यास दोन-तीन दिवस घरगुती काढ्यावर न काढतां लवकर दवाखाना गांठावा, आणि लशीसंबंधीं डॉक्टरांचा सल्ला ऐकावा. कोरोनाचा विषाणु जगांतून गेलेला नाहीं, आणि उद्यां कोणती नवी साथ येईल हें कोणास ठाऊक नाहीं. परंतु जी येईल ती बहुधा आपल्या अंगावरील बोजाच प्रथम हुडकील, एवढें या साथीनें शिकविलें आहे.

मृग लागण्यापूर्वीं आपण बांध पाहतों, चर साफ करतों, बी निवडतों. पाऊस किती पडेल हें आपल्या हातीं नाहीं म्हणून बांध पाहण्याचें कोणी टाळीत नाहीं. त्याच दिवसांत एकदां आपल्या शरीराचाहि उतारा काढावा व त्यावर काय चढलें आहे तें डोळ्यांनीं वाचावें, एवढीच आमची शेतकरी बंधु-भगिनींस विनंति आहे. मातीपरीक्षणाच्या पिशवींत यंदां एक कागद अधिक पडला, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.